बाबांच्या उशाशी

१२ जानेवारी २०२५, रविवार

टाळ्या! मंडळीत, भर उपासनेत — टाळ्या! माझा धाकटा भाऊ विवेक साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "मी रोज माझ्या बाबांची चादर धुतो." बस, एवढंच. तेवढ्यावर मंजूताईनं डोळ्याला पदर लावला. पाळक स्वप्निल 'हालेलूया' म्हणाले. मग टाळ्या.

नाताळाच्या आठ दिवस आधी आला तो. इतकी वर्षं रायपूरला होता. दारू, मारामाऱ्या, बायको सोडून गेली, एकदा पोलिसांनीही नेला. बाबांना झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली — तेव्हा त्यानं फोनसुद्धा उचलला नव्हता. आता दाढी करून, काखेत बायबल घेऊन उभा. "प्रभूनं मला बदललं." बदललंही असेल. मी कोण सांगणारी?

अकरा वर्षं ती चादर मी धुते. पावसाळ्यात दोरीवर वाळत नाही तर चुलीसमोर धरून शेकते. त्यासाठी टाळ्या कोणी वाजवल्या?

बायकांच्या बाजूला बसून आज मी पण वाजवल्या. न वाजवून करते काय!

१५ जानेवारी

रुक्माबाई सकाळीच लाखोळीची भाजी घेऊन आली. शेजारची, निळ्या लुगड्यातली. तिच्या भिंतीला आमची भिंत. उंबऱ्याबाहेरच बसते, तिथूनच मान लांब करून बाबांच्या खाटेकडे पाहते. "कसा आहे बाबा? पेज घेतली का?" रोज तेच. रोज काय नवीन सांगू! ब्लाऊज द्यायचे होते, मी मशीन चालवत राहिली. थोड्या वेळानं उठून गेली. भाजी बरी होती.

१९ जानेवारी, रविवार

आज उधळ्या पुत्राचा दृष्टांत. नसता घेतला तरच नवल. सगळ्यांच्या माना विवेककडे. विवेक खाली मान घालून बसला — तेही शोभून दिसलं त्याला!

मग पाळक थोरल्या भावावर आले. "हा शेतातून घामाघूम येतो. आत गाणं-बजावणं, मेजवानी. आणि हा बाहेर तोंड फुगवून उभा!" हसले. लोकही हसले. "आपल्यात असा थोरला कोणी आहे का?" माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

बाहेर चपला घालताना मला गाठलं. "आंटी, नम्रता धरा. देव नम्र माणसावर कृपा करतो."

आंटी! मी सत्तेचाळीसची. तो तिशीचा.

एक विचारायचं होतं. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाच नम्रता काऊन शिकवता? उंच बसवलेल्याला कधी म्हटलं का, बाबा रे, जरा खाली ये? पण नाही विचारलं. "हो" म्हटलं आणि आली.

घरी येऊन दृष्टांत काढून वाचला. बाप बाहेर येऊन थोरल्याला समजावतो. पुढे थोरला आत गेला का नाही, लिहिलेलंच नाही. त्याला जेवण ठेवलं होतं की संपलं होतं, तेही नाही.

२३ जानेवारी

आज बाबा बोलले. अकरा वर्षांत एक अक्षर नाही. डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, आता आशा धरू नका.

विवेक दाढी करत होता त्यांची. फेस नाकाला लागला. दोघंही हसायला लागले. बाबांचं तोंड एका बाजूनंच हसतं, पण हसले. आणि मग — "वि… वि…"

विवेक ढसाढसा रडला. मी पाणी गरम करायला गेली.

अल्कातला अ म्हणणं किती सोपं असतं. नुसतं तोंड उघडलं की अ.

२६ जानेवारी, रविवार

विवेकला तरुण संघाचा पुढारी केलं. चाळिशी ओलांडलेला तरुण! बाबा जन्मभर सुवार्तिक राहिले. सालेकशातून सायकलला पिशवी लटकवून दरेकशाकडची सगळी जंगलातली गावं फिरले. त्यांना कधी वर मंचावर खुर्ची मिळाली नाही. दारातल्या बाकावर बसायचे. सायकल दिसत राहावी म्हणून, असं म्हणायचे.

आणि याला आल्या आल्या माईक.

पाळकांची बायको सोनिका घरी आली, मोबाईलवर फोटो काढला. विवेक बाबांना पेज भरवतोय. सगळ्या ग्रुपवर टाकला — 'सेवक पुत्र'. शेदीडशे हात जोडलेले आले खाली.

नीट पाहिलं मी. डाव्या कडेला माझं कोपर आहे. पेजेचं भांडं मीच धरलं होतं.

३० जानेवारी

भांडण झालं. माझ्याच बाजूनं झालं. तो भांडतच नाही ना! तेच तर सहन होत नाही.

बाबांना कुशीवर करत होता. चुकीचं करत होता, मी म्हटलं, "सोड, तुला नाही येत." तो म्हणाला, "शिकव ना ताई." एवढंच. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शिकवते आणि रविवारी मंडळीत सांगशील, अल्काताईनं शिकवलं म्हणून? एकदा तरी नाव घेतलंस का माझं?"

तो म्हणाला, "ध्यानातच नाई आलं, ताई. खरंच नाई आलं."

खोटं बोलत नव्हता. ध्यानातच आलं नसणार. ते जास्त लागलं.

म्हटलं, "मी मावशीच्या चंचलकडे चालली. तिच्या गावी, नवेगाव बांधला. आठ दिवस. सांभाळ तूच." वाटलं, नको जाऊ म्हणेल. म्हणाला, "जा ना. आराम कर. मी आहे ना."

बाबांना सांगितलं, मी जाऊन येते. ते छताकडे पाहत होते.

२ फेब्रुवारी, नवेगाव बांध

मावशीच्या चंचलच्या घरी. तिचा नवरा तलावात जाळी टाकतो. सकाळी ताजी मासळी, दुपारी काही काम नाही. तलावावर जाऊन बसली. पाणीच पाणी. लांबवर पांढरे पक्षी, नाव माहीत नाही.

हातांना कळत नाही सुट्टी आहे म्हणून. दर दोन तासांनी उठतात. बाबांना कूस बदलायची वेळ होते आणि मी तलावाच्या काठावर उठून उभी!

चंचल म्हणाली, "लगन काऊन नाई केलं तू?" म्हटलं, "बाबांना कोण पाहणार होतं?" ती म्हणाली, "आता भाऊ आला न." हो. आता भाऊ आला.

उपासनेला गेली नाही. प्रार्थनाही केली नाही. देवाला म्हटलं, तुझं लक्ष आहे का ते सांग आधी.

५ फेब्रुवारी

बाबा गेले. काल सांजेला. मी इथे तलाव पाहत होती.

८ फेब्रुवारी

आज बसता आलं लिहायला.

त्या संध्याकाळी पाळकांचा फोन आला. शेवटची बस गेलेली. चंचलच्या नवऱ्यानं पहाटे मोटरसायकलनं गोंदियापर्यंत सोडलं, तिथून गाडीनं सालेकशाला. अंगणात पन्नास चपला. आत बाबा. धुतलेले, सदरा घातलेले, तोंड मिटलेलं. दुसऱ्यांनीच केलं सगळं. अकरा वर्षं मी आंघोळ घातली आणि शेवटची —

जो येईल तो तेच. "भाग्यवान माणूस! मुलाच्या मांडीवर गेला!" लोक धावत आले तेव्हा विवेक खाटेवर बसला होता, बाबांचं डोकं मांडीवर. पन्नास जणांनी पाहिलं. मंजूताई माझ्या गळ्यात पडून रडली आणि कानात म्हणाली, "तूच नेमकी नवतीस गं!"

नेमकी.

माती द्यायला मला पुढे जाऊ दिलं, मूठभर टाकली. परत आल्यावर सोनिका म्हणाली, "ताई, चहाचं बघता का? एवढे लोक आहेत." बघितलं. बाबांच्या दिवशी साठ कप चहा केला मी. रुक्माबाई फाटकाशी उभी होती, दोनदा आत डोकावली, मला हाक मारली. म्हटलं, "नंतर ये बाई, आता वेळ नाही." चहा घ्यायला आली असेल असं वाटलं.

देवा, अकरा वर्षं! इतक्या वर्षांत चार-पाच दिवस मी बाजूला झाली आणि तू तेच निवडलेस? त्याला मांडी दिलीस, मला चहाचं पातेलं. हीच का तुझी कृपा? ज्यानं उधळलं त्याला, ज्यानं राखलं त्याला नाही?

९ फेब्रुवारी, रविवार

उपदेशात पुन्हा मांडी. "हरवलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याच्या मांडीवर शेवटचा श्वास घेतो. याहून मोठी साक्ष कोणती!"

विवेक जेवत नाही. ताट तसंच उचलते. लोक म्हणतात, दुःख किती करतो बघा.

१२ फेब्रुवारी

खाट उन्हात टाकली. दोऱ्या सैल झाल्यात. घरात काही करायला नाही. ब्लाऊज शिवते, उसवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहायला पाहिजे.

आज बाबांच्या आठवणीची प्रार्थना होती. मंडप. गोंदियाहूनही पाहुणे. बाबांच्या फोटोला हार. मंचावर आज चांगली मोठी खुर्ची, तिच्यावर बाबांचा फोटो ठेवला! मेल्यावर मिळाली.

गाणी झाली. पाळकांनी विवेकला बोलावलं, "दोन शब्द बोला भाऊ." तो उठला. माईक हातात घेतला. बायका पदर हातात घेऊन तयार बसल्या.

मग म्हणाला, "बाबा माह्या मांडीवर नाई गेले."

कोणाला कळलंच नाही आधी.

"मी घरी नवतो. दुपारी निंगालो, टोलीवरच्या वस्तीत गेलो. मोहाची दारू पेलो. सांज होऊन गेल्यावर आलो तं बाबा गेलेले होते. मंग मी डोकं मांडीवर घेतलं. लोक आले. लोकायनं म्हटलं मांडीवर गेले. मी नाई म्हटलं नाई." थांबला. "बाबा एकटे गेले. एवढंच सांगायचं होतं."

पाळक उठले. "भाऊ भावनेच्या भरात आहेत…"

"भरात नाई, पाळकसाहेब. आज पेलो नाई म्हणून सांगून राहिलो."

माईक खाली ठेवला आणि मंडपाच्या मागून निघून गेला. कोणी वाट अडवली नाही. वाट मोकळी करून दिली उलट, अंग चोरून.

एकटे. सांजेला. माझ्या कानात तेवढंच राहिलं. तहान लागली असेल. बोलता येत नाही. वि म्हणाले असतील.

मग पाळकांनी काय करावं? घसा साफ केला, म्हणाले, "खरी सेवा कोणी केली ते देवानं आज उघड केलं आहे! अल्काताई, पुढे या." आंटी नाही, ताई! सोनिकानं पिशवीतून शाल काढली. तपकिरी, रुंद. पुरुषाची शाल. विवेकसाठी आणली होती. ती माझ्या खांद्यावर. मंजूताई परत रडली. आणि टाळ्या.

पहिल्यापेक्षा जास्त वाजल्या.

१७ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. शाल खांद्यावर पडली तेव्हा अंगावर काटा आला. लोक वळून वळून माझ्याकडे पाहत होते. दुकानदारानंही आज "ताई" म्हणून आधी मला सामान दिलं.

विवेकला ग्रुपमधून काढलं. तरुण संघातून काढलं. सकाळी मंजूताई अंगणातून गेली, तो ओट्यावर होता, त्याच्यावर नजरसुद्धा टाकली नाही तिनं.

मी त्याचं ताट लोटून दिलं त्याच्यापुढे. बोलली नाही. बोलली असती तर मारलं असतं. बाबांना एकटं सोडलं त्यानं! एका बाटलीसाठी!

१९ फेब्रुवारी

पाळक म्हणतात, पुढच्या रविवारी मी साक्ष द्यावी. 'अकरा वर्षांची सेवा' यावर. सोनिका फोटो काढणार.

रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली तेच आलं ना दारात! मग घास काऊन उतरत नाही?

एक गोष्ट मनातून जात नाही. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं? जन्मभर मांडीचा मान मिळाला असता. खुर्ची मिळाली असती. त्याला माहीत होतं सगळं जाणार आणि तरी माईक घेतला. मी असती तर? मी पेजेचं भांडं धरलेलं कोपर मोजणारी. मी सोडलं असतं?

२१ फेब्रुवारी

आज बोलली त्याच्याशी. चांगलं बोलायला नाही — टोचायला. म्हटलं, "कसे होते सांग. तू आलास तेव्हा. मला सगळं ऐकायचं आहे. डोळे उघडे होते? तोंड वासलेलं?"

त्यानं मान खाली घातली. "नाई ताई. डोळे मिटले होते. चादर छातीपर्यंत. हात दोनी सरळ. अन् हनवटीले पट्टी बांधली होती. डोक्यावरून. निळी."

"पट्टी?"

"लुगड्याची. फाडलेली. मी नाई बांधली."

"मग कोणी?"

"मी पेलो होतो. मले वाटलं… मी इचार नाई केला. लोक आले, पट्टी काढली, फेकली. ओठ पण ओले होते, ताई."

मेलेला माणूस स्वतःची हनवटी बांधत नाही. ओठ आपोआप ओले होत नाहीत. पन्नास माणसं आली घरात. मी आली. पाळक आले. बाबांच्या उशाशी कोण होतं, हे आम्ही कोणी विचारलंच नाही! मांडी मिळाली होती ना आम्हाला.

निळं लुगडं या आळीत कोण नेसतं, मला माहीत आहे.

२२ फेब्रुवारी

सकाळीच रुक्माबाईकडे गेली. भिंतीला भिंत, आणि तिच्या घरात मी पहिल्यांदाच. विवेक अंगणातच थांबला. तिनंच त्याला म्हटलं, "ये ना बाप्पा, उभा काऊन?"

कण्हणं ऐकू आलं म्हणून गेली होती ती. उंबरा ओलांडून. पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं, जाईपर्यंत बसली. डोळे मिटले, पदर फाडून हनवटी बांधली. मग चौकात माणसं बोलवायला गेली. ते तिच्या पुढे धावले. ती पोचली तेव्हा पोरगा बसलेला होता, म्हणून घरी निघून गेली.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मले कोनी पुसलं नाई, बाई." रागानं नाही म्हणाली. "सायकलवरून येत तवा बाबा माह्या घरचं पानी पित. आमच्या घरचं कोनी पित नवतं तवा. म्हटलं, जाताना तरी कोनी पाजाव. तुमची प्रार्थना मले येत नाई. मंग आमची बुद्धवंदनाच म्हटली, हळूच. चुकलं का, बाई?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती उठली, गडवा भरला आणि मलाच पाणी दिलं.